ज्वारीवर ज्वारी

आमच्या कॉलनीतली माणसं गिरणीत दळण ठेवून घरी जातात आणि पीठ झालं की आणायला येतात. महादेवप्पा तेवढे जात नाहीत. ते गिरणीतच बसून राहतात. त्यांच्या डब्यात कायम ज्वारी, आणि त्यांच्या आधी कुणाची तरी ज्वारीच दळलेली पाहिजे. आता ज्वारीवर ज्वारी दळून घ्यायची पद्धत आपल्याकडं सगळ्यांचीच, त्यात नवल काही नाही. पण अप्पांचं तेवढ्यावर भागत नाही. आधीच्याची ज्वारी झाली की ते स्वतःची ओंजळ-दोन ओंजळ ज्वारी टाकायला लावतात, ते पीठ वेगळं काढून गाईला घालतात, पीठ पडतं तिथली कापडाची नळी स्वतःच्या हातानं झटकतात आणि मग डॉक्टरनं सुई मारायच्या आधी सांगावं तसं हळूच सांगतात, "हं. टाक आता."

गिरणीवाला बाशाभाई वैतागून म्हणतो, "अप्पा, ये गिरनी है, दवाखाना नै!"

अप्पांचं उत्तर ठरलेलं. "तुला न्हाई कळायचं बाशा. ज्वारीवर ज्वारी."

कारण सांगते. अप्पांची बायको नीलाक्का. तिला गहू चालत नाही. चालत नाही म्हणजे, आपल्याला वांगं चालत नाही, गूळ सोसत नाही, तसं नव्हे. एक कण पोटात गेला तरी ती अंथरुणाला खिळते. आधी कुणाला कळलंच नव्हतं. बाई वाळत चालली, केस गळाले, जिना चढताना धाप लागायला लागली. कुणी म्हणालं मूळव्याध, कुणी म्हणालं मुलगा बंगळुराला गेल्याची काळजी, आणि माझ्यासारख्या शहाण्या म्हणाल्या, "चपाती खा, दूध-चपाती, अंगाला लागेल!" शेवटी एका डॉक्टरनं पोटात नळी घालून बघितलं आणि सांगितलं, गहू बंद. रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्कीट, सगळं बंद. जन्मभर.

त्या दिवसापासून अप्पा गव्हाच्या मागावर आहेत.

त्यांचा मूळ धंदाच तसा. टॉवेलच्या कारखान्यात फोल्डिंग खात्यात ते चेकर होते. टॉवेल उजेडासमोर धरायचा, तुटलेला धागा दिसला की बाजूला टाकायचा. जन्म तेच केलं. रिटायर झाल्यावर टॉवेल गेले, डोळे तेच राहिले. हल्ली ते पापड उजेडासमोर धरतात. खडीसाखर धरतात. एकदा मी प्रसादाचा शिरा घेऊन गेले, तर वाटी दारातच अडवली. "वैनी, रवा कशाचा?" मी म्हटलं, "अहो, रवा कशाचा असतोय?" तर म्हणाले, "मग तुमी प्रसाद न्हाई, विष आणलंय." आणि वर हसून, "मला द्या. मी खातो. पण भायेर."

हो, त्यांना स्वतःला गहू चालतो. लई आवडतोसुद्धा. बेकरीतली खारी चहात बुडवून खाणं हे त्यांचं एकुलतं एक व्यसन. पण खातात बेकरीच्या दारात उभं राहून, आणि घरी आले की अंगणातल्या नळावर आधी साबणानं हात धुतात, मग खळखळून चूळ भरतात, मग शर्ट झटकतात आणि शेवटी ओल्या पंच्यानं मिशी पुसतात. मी एकदा विचारलं, मिशीचं काय काम? तर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मिशीत गहू ऱ्हातो, वैनी."

लग्नाकार्यात तर त्यांना बोलावायचं म्हणजे यजमानाच्या जिवाला घोर. सगळे पाहुणे नवरा-नवरी बघतात, अप्पा आचारी बघतात. "चपातीचा हात भाताला लावू नका. पळी येगळी ठिवा. ही परात कशाची?" आचारी चिडतो, पाहुणे रुसतात. एवढं करून पळी वेगळी असली तरी परात तीच निघते, मग अप्पा पिशवीतून डबा काढतात आणि नीलाक्का एका कोपऱ्यात खुर्चीवर बसून मांडीवर डबा उघडते. आत तीच भाकरी, तीच गार भाजी. पंगतीतल्या बायका टोमणा मारतात, "काय गं नीला, आमच्या घरचं गोड लागत नाही होय तुला?" ती हसते. बोलणारी बाईच नाही ती. घरात सगळं बोलणं अप्पांचं.

तर अशा या जोडप्याला त्यांच्या मुलानं, बसवराजनं, इटलीची सहल काढून दिली. अप्पा फोनवर ओरडले ते चार घरांनी ऐकलं. "इटली? जितं लोक सकाळ-संध्याकाळ गहूच खात्यात तितं? खाटकाच्या दारात बकरं बांधायचं आन् म्हनायचं, जपा हं!" बसवराजनं समजावलं, तिकडं हा आजार सगळ्यांना माहीत आहे, हॉटेलात एक वाक्य बोललं की वेगळं करून देतात. अप्पांनी ऐकलं नाही.

तेव्हा नीलाक्का बोलली. मी तिथंच भाजी निवडत बसले होते म्हणून मला माहीत.

"मला जायचंय," ती म्हणाली. "मला एकदा हाटेलात बसून गरम ताट जेवायचंय. डबा न उघडता. सगळ्यांसारखं."

अप्पांनी हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाले, "बरं की." एवढंच.

आणि मला का नेलं विचाराल, तर नीलाक्का म्हणाली, "तुमी चला अक्का. हे सगळीकडं स्वयंपाकघरात जानार. मी बोलू कुणासंगट?"

त्यानंतर आमच्या कॉलनीत सकाळी फिरायला जाणाऱ्या लोकांना रोज एक मंत्र ऐकू यायला लागला. "मिया मोल्ये ए चेलियाका! सेन्झा ग्लूतिने!" म्हणजे माझ्या बायकोला गहू चालत नाही, त्याच्याशिवाय द्या. बसवराजनं फोनवर शिकवलेलं ते वाक्य अप्पा हात मागे बांधून, पावलाच्या तालावर घोकायचे. मोल्ये म्हणताना जीभ अडखळली की परत पहिल्यापासून. नीलाक्का शेजारून मुकाट्यानं चालायची. कोपऱ्यावरच्या फुलवाल्यानं एकदा मला विचारलं, "अप्पांनी नवीन गुरू केला व्हय?"

सामानात कपडे थोडे आणि खाणं फार. कडक भाकरीची चळत, शेंगाची चटणी, घरचे तांदूळ, विजेवरचा छोटा कुकर. आणि एक बरणी मेतकूट. अप्पांच्या बहिणीनं, शांताक्कानं, नातेपुत्याहून मुद्दाम करून पाठवलेलं. त्यात हिंग घालू नको म्हणून अप्पांनी तिला तीनदा बजावलं होतं, कारण हिंगाच्या खड्यात मैदा असतो. असतो बरं का! हे मलाही अप्पांनीच सांगितलं.

रोमच्या विमानतळावर तिथल्या साहेबानं बॅग उघडली आणि कडक भाकरी बोटात धरून टकटक वाजवली. आमच्या सहलीबरोबर मुग्धा नावाची पोरगी होती, सगळं बघणारी. अप्पा तिला म्हणाले, "सांग त्यास्नी, ब्रेड हाय." ती सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात ओरडले, "थांब, थांब! ब्रेड म्हनू नको! ब्रेडात गहू आसतोय!" साहेबानं भाकरी परत ठेवली. घाबरून ठेवली असावी.

रोममध्ये आम्ही ते मोठं गोल मैदान बघितलं, जिथं पूर्वी माणसं माणसांशी झुंजायची. सगळे फोटो काढत होते. माहिती सांगणारा म्हणाला, हे झुंजणारे लोक मुख्यतः जव खायचे. मुग्धानं मराठीत सांगितलं. अप्पांनी मान हलवली. "जवबी चालत न्हाई हिला." आमच्यात सांगलीचे एक बँकेतले देशमाने साहेब होते. ते म्हणाले, "अप्पा, तुम्ही स्वर्गात गेलात तरी अमृताचं पीठ कुणी दळलं विचाराल." सगळे हसले. अप्पाही हसले. पण नंतर मला हळूच म्हणाले, "इचारायलाच पायजे की."

जेवण बहुतेक तिथल्या आपल्याच, भारतीय हॉटेलांत असायचं. मला वाटलं, चला, वरण-भात तरी मिळेल बाईला. पण अप्पा प्रत्येक ठिकाणी आत जायचे, आणि बाहेर यायचे ते मान हलवतच. पापड आणि पुरी एका कढईत तळलेली. भाताच्या पातेल्यात नानचे हात. वरणाला हिंगाची फोडणी. डबी मागून घेतली, मुग्धाकडून वाचून घेतली, मैदा निघाला. पंजाबी आचारी म्हणाला, "बाबूजी, इतना कोई नहीं पूछता." अप्पा म्हणाले, "म्हनूनच मी पूछता."

आणि मग डबा. परक्या मुलखात, झुंबराखाली, काट्या-चमच्यांच्या टेबलावर नीलाक्का डबा उघडायची. मी शेजारी बसून गरम वरण-भात जेवायची आणि मला घास गोड लागायचा नाही. ती मात्र मलाच म्हणायची, "जेवा की अक्का. निवंल."

मी अप्पांना म्हटलं, "अहो, त्या इटलीवाल्यांच्या हॉटेलात जाऊन तुमचं ते वाक्य बोला की एकदा. कशासाठी घोकलंत?" तर म्हणाले, "आपल्या लोकांचं सैपाकघर बघून ही गत. त्यांच्यात मला काय कळनार, वैनी? एकदा जरा डोळा सरावू दे, मग."

फ्लोरेन्सला पोचलो तोवर कडक भाकरी चावून चावून तिच्या हिरड्या सोलवटल्या होत्या. त्या संध्याकाळी अप्पांनी खोलीतच कुकर लावला. मऊ भात केला, वर मेतकूट घातलं, मीठ, चार थेंब तेल. वास असा सुटला की मलाही घर आठवलं. नीलाक्का दोनदा वाढून घेऊन जेवली. किती दिवसांनी तिच्या तोंडावर जरा तजेला आला. अप्पा ताटाकडं बघत बसले होते, स्वतः जेवायचं विसरून.

सकाळी ती उठलीच नाही. पोटात पिळवटत होतं, उलट्या होत होत्या, अंग गार पडलं होतं. सगळे गाव बघायला गेले, मी तिच्या उशाशी थांबले. मुग्धानं डॉक्टर बोलावला, त्यानं औषध दिलं. दोन दिवसांत उतार पडेल, पाणी पाजत राहा, म्हणाला. पण अप्पांना उभं राहवेना की बसवेना. खाली जाऊन हॉटेलवाल्याला विचारून आले, पाणी कुठलं, चमचे कशात धुता. तांदूळ परत चाळून बघितले. कुकरचं झाकण उजेडासमोर धरलं. तेलाच्या बाटलीचं बूच चाटून बघितलं. आणि मग त्यांची नजर त्या बरणीवर गेली.

मलासुद्धा तोवर सुचलं नव्हतं हो. आजारातून उठलेल्या माणसाला आपण पहिला घास मेतकूट-भाताचा देतो. त्याच्यावर कोण संशय घेणार?

त्यांनी नातेपुत्याला फोन लावला. शांताक्काचा आवाज मोठा, मला पलंगापाशी सगळं ऐकू आलं.

"शांता, मेतकुटात काय काय घातलीस गं?"

"हरबऱ्याची डाळ, उडीद, तांदूळ, जिरं, सुंठ. हिंग न्हाई घातला बघ. तू म्हनला व्हतास ना."

"आन् काय?"

"आन् मूठभर गहू, खमंग भाजून. गव्हाबिगर मेतकूट व्हतंय व्हय? आईबी घालायची की." मग जरा थांबून तिनं विचारलं, "का रं? आवडलं का नीलावैनीला?"

अप्पांनी डोळे मिटले. म्हणाले, "आवडलं. लई आवडलं म्हनली."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, सांगितलं का नाही तिला? तर म्हणाले, "कशाला? उनात बसून निवडलंय तिनं." आणि ती बरणी त्यांनी कागदात गुंडाळून कचऱ्यात ठेवली. टाकली नाही, ठेवली.

त्यानंतर अप्पा बोलायचे थांबले. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण ज्यांच्या आवाजानं आमची कॉलनी जागी होते ते अप्पा बसमध्ये खिडकीबाहेर बघत गप्प. देशमाने साहेबांनी एक-दोनदा चेष्टा करून बघितली, मग सोडून दिली. एकदाच मला म्हणाले, "सगळ्यांची सैपाकघरं बघितली वैनी. आपली पिशवी न्हाई बघितली."

व्हेनिसला आलो तेव्हा नीलाक्का हिंडायफिरायला लागली होती, अशक्त होती, पण पायावर होती. ते गाव म्हणजे सगळ्या गल्ल्यांत पाणी. उद्या परतीचं विमान. दुपारी ज्यानं त्यानं आपापलं जेवायचं होतं, आणि नंतर सगळ्यांनी एका होडीतून परत जायचं. मुग्धानं एका गल्लीतलं छोटं हॉटेल दाखवलं, इथं तुमचं होईल म्हणाली. अप्पा दारातच थांबले.

"नको," ते म्हणाले. "नकोच. आपन भायेर पायरीवर बसू. डबा काढ."

"डबा मी खोलीवर ठिवून आलेय," नीलाक्का म्हणाली.

"का?"

"ठिवून आलेय."

आणि ती आत गेली. आम्ही मागोमाग. टेबलापाशी एक बाई आली, माझ्या सुनेच्या वयाची. अप्पांनी तोंड उघडलं आणि 'मिया'वरच अडकले. इतके दिवस घोकलेलं वाक्य पुढं सरकेना. तेव्हा नीलाक्कानं पदर सारखा केला आणि सावकाश, एकेक शब्द दाणा निवडल्यासारखा निवडत म्हणाली, "सेन्झा ग्लूतिने." मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून, "चेलियाका."

एकदासुद्धा अडखळली नाही. बरोबर चालता चालता सगळं शिकली होती.

त्या बाईला नवल वाटलं नाही. कीव आली नाही. हसलीसुद्धा नाही. "सी, सी," म्हणाली, म्हणजे हो, हो, आणि कामाला लागली. आधी पावाची टोपली उचलून नेली. मग टेबलावरचे कण पुसून काढले. मग वरचं कापडच बदललं. नीलाक्कापुढचा काटा-चमचा नेऊन आतून दुसरा आणला, कागदात गुंडाळलेला. अप्पा उठायला लागले, आत जायला. नीलाक्का म्हणाली, "बसा." ते बसले.

"मुग्धा," त्यांनी विचारलं, "तिला टेबल पुसायला कुनी सांगितलं?"

"कुणी नाही अप्पा. त्यांची पद्धतच आहे. आत यांचं पीठ वेगळं, ओटा वेगळा, भट्टी वेगळी. करणारा माणूससुद्धा वेगळा."

"न सांगता?"

"न सांगता."

अप्पा ते नवं कापड हातानं चाचपत राहिले. मी त्यांना इतकी वर्षं बघतेय, पण त्यांचे हात रिकामे असे कधी बघितले नव्हते. आम्ही सगळी हसलो त्यांना. मी हसले, बाशाभाई हसला, पाहुणे रुसले. त्यांच्या ऐवजी एक टेबल पुसून द्यावं, हे कुणाच्या मनात आलं नाही.

नीलाक्कापुढं पिझ्झा आला. भाकरीएवढा गोल, टम्म फुगलेला, वाफाळता, वर टोमॅटो आणि वितळलेलं चीज. बाकीच्यांच्या थाळ्या पांढऱ्या, तिची निळी, चुकून अदलाबदल होऊ नये म्हणून. तिनं तुकडा मोडला. चटका बसला तशी बोटं झटकली आणि हसली. (आधीच सांगून टाकते, तिला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी खणखणीत होती.) पहिला घास तिनं डोळे मिटून खाल्ला. दुसरा खाल्ला. मग अप्पांना काही सांगायला मान वळवली.

अप्पा झोपले होते.

खुर्चीत, बसल्या बसल्या, हनुवटी छातीवर टेकवून. पुढ्यातला त्यांचा स्वतःचा पिझ्झा तसाच. बायको घराबाहेर जेवतेय आणि अप्पांचा डोळा लागलाय, हे मी पहिल्यांदा बघत होते. कारखान्यात रात्रपाळी केलेला माणूस, पुढच्या पाळीचा आला की जिथं असेल तिथं आडवा होतो, तसे ते झोपले होते. हलकेच घोरतही होते.

मी उठवायला हात पुढं केला. नीलाक्कानं तो धरला. "सुम्म, गप बसा," ती म्हणाली. "झोपू द्या."

मग ती हळूहळू जेवायला लागली. एवढा एवढा तुकडा मोडायचा, तो बराच वेळ चावायचा, पाणी प्यायचं, पाण्यातल्या होड्या बघायच्या, मग पुढचा तुकडा. माझं होऊन गेलं. मुग्धा बाकीच्यांना होडीपाशी जमवायला निघून गेली. शेजारची टेबलं रिकामी झाली. ती टेबल पुसणारी बाई दोनदा डोकावली आणि बिल न ठेवता परत गेली. थाळीतलं चीज गोठून पांढरं पडलं.

मुग्धा धावत आली. होडी लागलीय, सगळे येऊन बसलेत, देशमाने साहेब चिडलेत. "नीलाक्का, झालं का हो तुमचं?"

थाळीत दोनच तुकडे राहिले होते, लाकडासारखे गार. नीलाक्कानं त्यातला एक उचलला, ओठांजवळ नेला आणि त्याच्यावर सावकाश फुंकर मारली.

"लई गरम हाय गं," ती म्हणाली. "जरा निवू दे."